बहिरा बापू, पांढऱ्या गोळ्या आणि माझी मांडी

ज्यांच्या लघवीत नुकतीच साखर निघाली आहे आणि जे घाबरून बसले आहेत, त्यांनी हे जरूर वाचावे. ज्यांना साखर नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त हसताना माझ्या वयाचा विचार करावा. मी सत्त्याऐंशी वर्षांचा आहे. त्यातली एक्कावन्न वर्षे मला मधुमेह आहे आणि पन्नास वर्षे मी एक खोटे सांभाळून आहे. दोन्हींपैकी खोट्याचे पथ्य जास्त कडक निघाले.

रंग चांगला उतरला

मी गुळव्या. उसाचा रस काहिलीत आटवायचा आणि त्याचा गूळ नेमका कधी झाला ते सांगायचे, हे गुळव्याचे काम. क्षणभर आधी काहील उतरवली तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर सगळे करपते. आमच्याकडे ना काटा होता ना घड्याळ. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळून बघायची आणि जिभेवर ठेवायची. गिळायची नाही. दिवसभर गिळत बसलो तर जीभ मरते. गालात धरायची, चव घ्यायची आणि थुंकायची. राहुरीकडच्या पाच-सहा गुऱ्हाळांत माझ्या जिभेला मान होता. मालक मंडळी माझ्या तोंडाकडे अशी बघत बसत, जशी पोरे मास्तरच्या तोंडाकडे बघतात.

या धंद्यात मधुमेह ओळखणे महाकठीण. तहान लागते म्हणावे तर चुलवाणापुढे बसणाऱ्या कुणाला लागत नाही? वजन उतरले म्हणावे तर हंगामात सगळेच गुळवे वाळतात. बाहेरगावच्या लोकांना म्हणे मुंगळ्यांवरून कळते. आमच्या गुऱ्हाळावर मुंगळे अंथरुणात, धोतरात, भाकरीच्या फडक्यात, सगळीकडे. त्यातले काही मी जिथे आडोशाला जाई तिथे जमत, याची नोंद घ्यायला वेळ कुणाला होता?

बहात्तर सालच्या माघात काहील उतरवताना उकळता पाक माझ्या डाव्या पावलावर सांडला. अशा भाजण्याला आम्ही भीत नव्हतो. खोबरेल लावले की आठ दिवसांत कातडी येते. या वेळी महिना झाला तरी येईना. वास मात्र यायला लागला. माझी बायको ठकूबाई माणूस मोजक्या शब्दांचे. ती म्हणाली, "नगरला चला. न्हाई तर उद्यापासनं तुमची भाकर अंगणात."

नगरच्या दवाखान्यात रूथबाई नावाच्या सिस्टर होत्या. जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. त्यांनी माझ्याकडून बाटली भरून घेतली, काचेच्या नळीत निळेशार पाणी ओतले, त्यात माझे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी स्टुलावर बसून बघत होतो. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे नारिंगी, आणि शेवटी खाली सुरेख विटकरी रंग बसला. सगळी हयात उकळत्या साखरेचा रंग बघण्यात गेलेली. माझ्या तोंडून आपसूक निघाले, "वा! रंग एक नंबर उतरलाय."

रूथबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "भाऊ, ह्यो गूळ न्हाई. तुमची लघवी हाय. आन ह्यो रंग नापासाचा."

"मग पासाचा कोंचा?"

"निळा. टाकला तसाच ऱ्हायला पायजे."

"म्हंजी इतका जाळ घालून कायच व्हायला नको?"

"कायच व्हायला नको," त्या म्हणाल्या आणि माझ्या कागदावर चार फुल्या मारल्या.

ठकूबाईने फुल्या पाहिल्या आणि पदर डोळ्याला लावला. लग्नाच्या वेळी माझी पत्रिका बघून गुरवानेही इतक्या फुल्या मारल्या नव्हत्या.

वॉर्ड

मला सात आठवडे ठेवून घेतले. सकाळी सहाला सुई, संध्याकाळी सहाला सुई. काचेची सिरींज आणि सुया रूथबाई पातेल्यात उकळून घेत. त्या पातेल्याचा आवाज आला की वॉर्डातले सगळे पुरुष झोपेचे सोंग घेत. शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याचा एक फौजदार होता. त्याचा पाय गुडघ्याखाली काढलेला, साखरेनेच. तो दिवसा विनोद सांगायचा आणि चादरीचा रिकामा भाग हाताने सारखा करायचा. मी माझ्या पावलाकडे बघायचो. करंगळी काळी पडत चालली होती. गुळव्याला पाय लागतातच असे नाही, पण काहिलीभोवती फिरायला ते असलेले बरे.

अशा वेळी माणसाला काहीतरी काम हवे असते. रूथबाईंनी ते ओळखले आणि वॉर्डातल्या सगळ्यांच्या नळ्या दिव्यावर धरायला मला बसवले. त्या फक्त शेवटी येऊन रंग बघत आणि लिहून घेत. मला आजवर मिळालेल्या औषधांत हे सर्वांत गुणकारी. फौजदाराची नळी मी धरून म्हणत असे, "साहेब, आज काकवीवर आलंय, रात्री काय हाणलं?" आणि फौजदार चोरून खाल्लेल्या केळ्याचा कबुलीजबाब देत असे. रूथबाई म्हणत, "फौजदाराकडून कबुली घेनारे तुमीच पयले."

पंधरा दिवसांत माझी स्वतःची नळी विटकरीवरून पिवळ्यावर आली. करंगळी वाचली.

डॉक्टरसाहेबांना हवे असलेले मांस

आमच्या वॉर्डावर करंदीकर नावाचे तरुण डॉक्टर होते. पुण्याहून आलेले, किडकिडीत, शर्टाचा खिसा पेनच्या शाईने निळा झालेला. रूथबाई म्हणत, "डाक्टरांचा खिसा पास हाय." ते एके दिवशी माझ्या खाटेवर बसले. खुर्चीवर नाही, खाटेवर, आणि म्हणाले, "किसनराव, तुमच्या मांडीतला एक तुकडा मला हवाय."

मी ठकूबाईकडे पाहिले. ठकूबाईने डॉक्टरांकडे. "केवढा?" तिने विचारले. बाजारात विचारतात तसे.

"हरभऱ्याच्या डाळीएवढा."

मग त्यांनी समजावून सांगितले. आपण खातो ती साखर रक्तातून स्नायूंत जाते, म्हणजे मांसात. मांसात एन्झाइम नावाचे कामगार असतात, ते ती साखर साठवून ठेवतात. पण ते आपण होऊन उठत नाहीत. इन्शुलिनकडून निरोप यावा लागतो. "तुमच्यासारख्यांच्या मांसात निरोप पोहोचतो का, आणि पोहोचला तर कामगार उठतो का, हे मला बघायचंय. आत्ता एक तुकडा, आणि गोळ्या चालू करून सहा-आठ महिन्यांनी दुसरा."

मी म्हणालो, "म्हंजी आमचा बापू."

बापू आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचा. वर्षानुवर्षे जाळाच्या आवाजापुढे बसून ठार बहिरा झालेला. मी काहिलीपासून ओरडायचो, "बापू, जाळ सार!" निरोप अगदी खणखणीत जायचा. बापू ढिम्म. रस तसाच पडून राहायचा. मग मी उसाचे कांडके उचलून त्याच्या पाठीत हाणायचो, की बापू ताडकन उठून असा जाळ घालायचा की बघत राहावे.

डॉक्टर इतके हसले की फौजदार जागा झाला. त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहिले. त्या दिवसापासून ते मांसातल्या त्या कामगाराला बापूच म्हणायला लागले. "बघू या आपला बापू किती बहिरा आहे."

तुकडा काढताना त्यांनी जागा बधिर केली होती, तरी सुई आत गेली तेव्हा मी असे दैवत बोलावले जे माझ्या गावचे नव्हते. तुकडा थर्मासमध्ये टाकला, त्यातून पांढरा धूर निघत होता. डॉक्टरांचा मदतनीस तो थर्मास घेऊन पुण्याच्या एस.टी.त बसला, मांडीवर लेकरू घ्यावे तसा. माझे मांस माझ्याआधी पुणे बघून आले. मी अजून शनिवारवाडा पाहिलेला नाही.

गालातली गोळी

घरी जाताना डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. "या साखर कमी करतात," ते म्हणाले. पायाला जपायला सांगितले. अनवाणी चालायचे नाही, दगडधोंड्यांत जायचे नाही, काहिलीपाशी बसून राहायचे.

आता माझी चूक सांगतो. ही चूक फक्त गुळव्याच करू शकतो.

गोळी साखर कमी करते, हे मी ऐकले. कुठली साखर, हे मी विचारले नाही. एस.टी.त बसल्यावर डोक्यात भुंगा सुरू झाला. रक्तातली साखर कमी करणारी गोळी जिभेवरची ठेवेल कशी? पहिल्या दिवशी गोळी जिभेवर ठेवली तर ती कडू लागली आणि घटकाभर दुसरी चवच लागेना. खात्री पटली. ही गोळी माझी जीभ मारणार. पाय गेलेला फौजदार पेन्शन खातो. जीभ गेलेला गुळव्या काय खाणार?

ठकूबाई सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन समोर उभी राहायची. "घाला तोंडात." मी घालायचो. "प्या पानी." मी प्यायचो. "आ करा." मी आ करायचो. गोळी गालात. वीस वर्षे पाकाची गोळी गालात धरून बोलणाऱ्या माणसाला एक गोळी लपवणे काय अवघड? मग मी गोठ्यात जाऊन ती थुंकायचो आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. फेकत नव्हतो. दवाखान्याची वस्तू फेकायला मन होईना. डबा आढ्याला, वाशाच्या आड.

त्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून कळणार नाही. ऊस जागेवर वाळला. गुऱ्हाळे बंद. काहिली पालथ्या पडल्या, त्यांच्या पोटाखाली कुत्री निजायची. आणि गुळव्या किसन, ज्याच्या तोंडाकडे मालक बघायचे, तो तिसगावच्या बाजूला सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागला. ठकूबाई पाट्या वाहायची. पायात टायरच्या चपला, एवढे डॉक्टरांचे ऐकले.

बापूही होता. माझ्याशेजारीच खडी फोडायचा. मुकादम शिट्टी मारून दमायचा. सुट्टी झाली हे बापूला मीच खडा मारून सांगायचो.

पहिले आठ दिवस अंगाची लाकडे झाली. मग हळूहळू तहान कमी झाली. रात्री उठणे बंद झाले. खायला होतीच कुठे साखर. भाकरी, चटणी आणि कामावर मिळणारी सुकडी, ती मी ठकूबाईला द्यायचो. तिला वाटायचे नवरा पथ्य पाळतो. खरे म्हणजे सुकडीतला गूळ कुणीतरी करपवलेला होता आणि मला तो सहन होत नव्हता.

प्रदर्शन

मार्गशीर्षात दुसऱ्या तुकड्यासाठी नगरला गेलो. रूथबाईंनी नळी माझ्याच हातात दिली. मी दिव्यावर धरली. निळी. आणखी धरली. निळीच. इतका जाळ घालून कायच झाले नाही.

"डाक्टर!" रूथबाई ओरडल्या. "किसन पास झाला!"

डॉक्टर धावत आले. त्यांनी नळी उजेडात धरली, माझ्याकडे पाहिले आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले. "गोळ्या नियमित घेतल्या?"

इथे मला खरे बोलायला जागा होती. ती जागा मला आजही दिसते, दाराएवढी. पण ठकूबाई शेजारी उभी होती, तांब्या धरून धरून हाताला सवय झालेली. ती माझ्याआधीच म्हणाली, "एक चुकू दिली न्हाई, साहेब. मी सोता पाजलं."

"व्हय," मी म्हणालो.

तुकडा काढला. आठ दिवसांनी पुन्हा बोलावणे आले. मांसातला कामगार उठला होता! डॉक्टरांनी मला मिठीच मारायची बाकी ठेवली. "किसनराव, बापू जागा झाला! गोळीने बापू जागा केला!"

त्या दिवशी पुण्याहून दोन मोठे डॉक्टर आले होते. मला खोलीच्या मध्यभागी बाकावर उभे केले, धोतर वर. करंदीकर डॉक्टर पट्टीने माझी मांडी दाखवत इंग्रजीत बोलत होते. मी भिंतीवरच्या सांगाड्याकडे बघत होतो. तोही उघडाच होता, तेवढाच आधार. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले होते. तळव्यांना हातोड्याचे घट्टे पडले होते, चाराण्याएवढे. ते दिसू द्यायचे नव्हते. दगडधोंड्यांत जाऊ नका म्हणून सांगितलेले, आणि खरे सांगायचे तर खडीवर जातो हे सांगायची लाजही होती.

एका मोठ्या डॉक्टरांनी मराठीत विचारले, "काम काय करता हल्ली? कष्टाचं काही?"

"गुळव्या हाय साहेब. काहिलीपाशी बसून असतो."

हे वाक्य मी दुष्काळात बोललो. जिल्ह्यात एक काहील पेटलेली नव्हती. पण पुण्याच्या डॉक्टरांना काहिलीचे काय ठाऊक? त्यांनी लिहून घेतले. करंदीकर डॉक्टर माझ्याकडे अभिमानाने बघत होते, आणि मी सांगाड्याकडे.

पाचांचा बापू

पुढच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर नव्हते. रूथबाई कापूस वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"डाक्टर गेले. सोडून दिली नोकरी."

"का?"

"तुमच्या मांडीपायी. पुन्याला मोठ्या सभेत वाचलं त्यांनी. सहा मानसांचं मांस तपासलं हुतं. गोळी सगळ्यांना तीच. पाच जनांचा बापू काय उठला न्हाई, तुमचा येकल्याचा उठला. मोठे म्हनले, ह्या पेशंटनं दुसरं कायतरी केलं असनार. आपले डाक्टर म्हनले, न्हाई, मी लिवून घेतलंय, बसून असतो. मंग कुनी तरी हसलं, म्हनलं, मंग डाक्टरांनीच बापूला उठिवलं असंल, पेनानं, कागदावरच." त्यांनी कापसाचा बोळा टोपलीत टाकला. "लई मनाला लावून घेतलं. आता श्रीरामपूरला दवाखाना टाकलाय. खोकला, ताप बघत्यात."

मी बाकावर बसलो. रूथबाईंनी विचारले, "भाऊ, तुमी दुसरं कायतरी केलं हुतं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

दुसरे खोटे पहिल्यापेक्षा हलके असते. हाच त्याचा धोका.

नवीन डॉक्टरांनी त्याच पांढऱ्या गोळ्या दिल्या. तोवर पाऊस झाला होता, खडी बंद होती, माझी नळी पुन्हा नारिंगी झाली होती. या वेळी भीतीने गोळी गिळली. मग घरी येऊन गुळाचा खडा जिभेवर ठेवला. गोड लागला. नेहमीइतकाच गोड. रस आटवताना त्यात चुना किंचित जास्त पडला होता, तेही कळले. मी गोठ्यात जाऊन बराच वेळ बसलो. एका खड्याच्या चाचणीने जे कळले असते त्यासाठी मी एका माणसाला पुण्याच्या सभेत उभा केला होता.

ठकूबाईचा खुळखुळा

घरावर पत्रे टाकताना डबा ठकूबाईच्या हाती लागला. तिने हलवून पाहिला. आत काहीतरी वाजते म्हणून तिने तो आमच्या धाकट्या पोराला खेळायला दिला. पोराने उघडला. ठकूबाईने एक गोळी उचलली, उजेडात धरली, आणि मला हाक मारली. नावाने. लग्नानंतर प्रथमच.

"माझ्या हातचं पानी पिऊन गोळी थुकली तुमी? रोज? सकाळ-सांज?"

मी सगळे सांगितले. जिभेचे, खडीचे, पुण्याच्या सभेचे. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मी त्या साहेबाला सोता सांगितलं, एक चुकू दिली न्हाई. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं. जावा आन सांगा त्येला."

"जातो."

श्रीरामपूर आमच्यापासून वीस मैल. एस.टी. दवाखान्यासमोरूनच जायची. पाटी दिसली की मी मान दुसऱ्या बाजूला वळवायचो. दोनदा उतरलोही. एकदा दवाखाना बंद होता आणि मला फार आनंद झाला. एकदा उघडा होता, तेव्हा मी समोरच्या दुकानातून चपलांचे बंद घेऊन परत आलो. ठकूबाई दर वर्षी विचारायची, "सांगितलं का?" नंतर नंतर विचारणे कमी झाले. ती शेवटच्या आजारात होती, बोलायला त्रास व्हायचा, तेव्हा तिने एकदा विचारले.

"सांगितलं," मी म्हणालो. तिला बरे वाटावे म्हणून.

ती हसली. "खोटं. अजून गालातच हाय तुमच्या."

थुंकायला गेलो

माझी नात मानसी फिजिओथेरपी शिकते. परवा सुट्टीला आली तेव्हा मला रोज चालायला लावत होती. का चालायचे ते समजावताना म्हणाली, "आजोबा, स्नायूला साखर आत घ्यायला दोन घंटा असतात. एक इन्शुलिनची. ती तुमच्यात नीट ऐकू जात नाही. दुसरी कामाची. स्नायू वापरला की ती आपोआप वाजते, तिचा रस्ताच वेगळा."

"म्हंजी हाक ऐकू आली न्हाई तरी पाठीत कांडकं बसलं की उठतो."

"कुणाचं कांडकं?"

मी तिला सगळे सांगितले. तिने मला लगेच गाडीत घालून श्रीरामपूरला नेले. डबा मांडीवर.

करंदीकर डॉक्टर ऐंशीच्या घरातले झालेत, तसेच किडकिडीत. मला ओळखले नाही. मी धोतर वर करून मांडीवरचा बारीक वण दाखवला. "बापू," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले आणि डबा टेबलावर ठेवला. गोळ्या पिवळ्या पडल्या होत्या. ते उठून आत गेले. आत कपाट उघडल्याचा, बरण्या सरकल्याचा आवाज येत राहिला. त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, तेवढ्यात दोन कप चहा आणून ठेवला. डॉक्टर जुनी वही घेऊन आले, आणि आपला कप घेऊन आतबाहेर करत पान शोधत राहिले. सापडल्यावर वही माझ्यापुढे सरकवली. सगळे इंग्रजी, मधेच मराठीत "बापू जागा!" आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ. मानसीने वाचली.

"दोन्ही तळव्यांना घट्टे. काहिलीपाशी बसून?" पुढे प्रश्नचिन्ह.

"दुसरा तुकडा काढताना तुम्ही खाटेची कड धरली होती," डॉक्टर म्हणाले. "ती सोडलीत तेव्हा घट्टे दिसले. मी लिहिलंसुद्धा. पण विचारलं नाही. विचारलं असतं आणि तुम्ही सांगितलं असतं, तर माझी गोळी गेली असती." त्यांनी पानावरची धूळ पुसली. "पन्नास वर्षं मी ती वही उघडली नव्हती, किसनराव. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"न्हाई, साहेब."

"बघा. म्हणजे एकाला उठायचं नव्हतं आणि दुसऱ्याला उठवायचं नव्हतं." त्यांनी खिशातून पेन काढून मला दिले. खिसा अजून निळा आहे. "त्या प्रश्नचिन्हापुढे लिहा. तुमच्या अक्षरात."

मी लिहिले: खडी फोडत होता. गोळ्या घेतल्या नाहीत. बायको खरे बोलत होती.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, यातून गोळ्या थुंकायला शिकू नका. गोळ्या घ्या आणि अंगही हलवा. एकाने हाक मारावी, दुसऱ्याने कांडके. जिभेला काही होत नाही. माझी अजून शाबूत आहे, आणि त्याचा पुरावा तिथेच मिळाला.

लिहून झाल्यावर मी समोरचा कप उचलून घोट घेतला आणि तो गालातच थांबला. दोन कप सारखे होते. मी चुकून डॉक्टरांचा उचलला होता. मी डॉक्टरांकडे पाहिले. पंधरा वर्षांपासून त्यांनाही साखर आहे, हे त्यांनी पान शोधतानाच सांगितले होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, नळी दिव्यावर धरल्यावर फौजदार बघायचा तसे. तेवढ्यात वहिनी दारात आल्या.

"चहा चालला ना हो? आमच्याकडे दोघांचाही बिनसाखरेचा असतो. यांना अजिबात देत नाही मी."

मी घोट गिळला. "फस्टक्लास, वहिनी. साखरेचा मागमूस न्हाई."

खोटे उतरवून पाच मिनिटे झाली नव्हती. पण ठकूबाईला दिलेला शब्द आता पुरताच पाळायचा म्हटल्यावर हेही लिहितो. वहिनी, साखर दोन चमचे होती. आणि चमचे शिगोशीग होते.